कावळ्याच्या रांजणात मुळात पाणी किती होते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गोष्टींच्या आधारे शिकवण्यावर भर आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांमधून तसे प्रयत्न होतानाही दिसतात आणि त्याचा आनंद आहे. पण विज्ञानाच्या तासाला गोष्ट आली की बहुतेक वेळा एकच प्रकार होतो. फळ्यावर कावळ्याचे चित्र काढतात, पेल्यात चार गोट्या टाकतात, पाणी जरा वर येते, मुले टाळ्या वाजवतात आणि तास संपतो. यात कोणी काही मोजले नाही, कोणाचा अंदाज चुकला नाही, म्हणजे प्रयोग झालाच नाही. आपल्या बालकथांमध्ये मोजता येतील असे दावे भरपूर आहेत. तेच दावे मुलांच्या हाती द्यावेत, आणि ते खोटेही ठरू शकतील अशा रीतीने द्यावेत, यासाठी हे पत्र. पाचवी ते आठवीच्या वर्गात करता येतील असे काही प्रयोग मापांसह देत आहे.

तहानलेल्या कावळ्यापासूनच सुरुवात करू. गोष्टीत ‘तळाशी थोडेसे पाणी’ होते असे सांगतात. थोडेसे म्हणजे किती, हा या प्रयोगाचा गाभा आहे. सरळ भिंतींची प्लॅस्टिकची पारदर्शक बरणी घ्यावी, आतला व्यास ७ सेंमी आणि उंची १२ सेंमी. तिच्यात काठोकाठ सुमारे ४६० मिलि पाणी मावते. बाहेरून कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर अर्ध्या सेंमीच्या खुणा कराव्यात. बाजारात मिळणारी नेहमीची काचेची गोटी साधारण १६ मिमी व्यासाची असते, म्हणजे तिचे आकारमान २ मिलिहून किंचित जास्त. एका गोटीने या बरणीतले पाणी जेमतेम अर्धा मिमी चढते. १ सेंमी चढवायला १८ गोट्या लागतात. हा हिशेब मुलांकडून आधी करून घ्यावा आणि मगच गोट्यांना हात लावू द्यावा.

आता दोन बरण्या शेजारी ठेवा. एकीत २५० मिलि पाणी, दुसरीत १०० मिलि. कावळ्याची चोच काठापासून २ सेंमी आत पोचते असे धरू, म्हणजे पाणी १० सेंमीच्या खुणेपर्यंत यायला हवे. पहिल्या बरणीत साठ-पासष्ट गोट्यांत काम होते. दुसरीत मुले गोट्या टाकत राहतात, शंभराच्या पुढे जातात, बरणी गोट्यांनी गच्च भरते, आणि पाणी मात्र सहा सेंमीच्या आसपास येऊन थांबते. त्यापुढे टाकलेली प्रत्येक गोटी कोरडीच राहते. कावळा तहानलेलाच मेला असता, असे मुले सांगतात तेव्हा खरा तास सुरू होतो.

कारण साधे आहे. गोल वस्तू कितीही दाबून भरल्या तरी त्यांच्यामध्ये मोकळी जागा उरते. मोठ्या भांड्यात ती साधारण ४० टक्के असते. अरुंद बरणीत भिंतीलगत गोट्या नीट बसत नाहीत, त्यामुळे थोडी जास्तच. सुरुवातीचे पाणी या पोकळ्यांत मावण्याइतकेच असेल तर ते तिथेच दडून बसते. आपल्या बरणीत १० सेंमीच्या खुणेसाठी ही सीमा १७० मिलिच्या आसपास येते. वर्गाच्या गटांना १५०, १८०, २००, २२० मिलि असे वेगवेगळे पाणी वाटून दिले, तर सीमा नेमकी कुठे आहे ते मुलांनाच आलेखावर सापडते.

पुढची पायरी आणखी चांगली आहे. १०० मिलिच्या अडकलेल्या बरणीत वरून कोरडी जाड वाळू थोडी थोडी ओता आणि बरणी हलके ठोकत राहा. वाळू गोट्यांमधल्या फटींत उतरते, तिथले पाणी हुसकते आणि थांबलेली पातळी पुन्हा चढू लागते. मोठे खडे, त्यांच्या फटींत बारीक खडे, त्यांच्याही फटींत वाळू. नवी मुंबईत जागोजागी इमारती उभ्या राहतात, तिथे काँक्रीटमध्ये खडी, वाळू आणि सिमेंट मिसळण्यामागे हेच गणित असते. पोकळी जितकी कमी, तितके सिमेंट कमी लागते. आठवीच्या मुलांना हे सांगितले की शाळेच्या खिडकीतून दिसणारे बांधकाम अभ्यासक्रमात येते.

इथे काय बिघडते तेही सांगतो. गोट्यांऐवजी विटेचे तुकडे घेतले तर ते पाणी पितात आणि पातळी हिशेबापेक्षा कमी चढते. रस्त्याकडेचे खडे घ्यायचे तर तासभर आधी भिजवून, फडक्याने पुसून घ्यावेत. गोट्या वरून टाकल्या की पाणी उडते आणि हिशेब बिघडतो. त्या बरणी तिरकी धरून कडेने घसरत सोडाव्यात. पातळी वाचताना डोळा पाण्याच्या रेषेत हवा आणि पाण्याच्या कडेला चढलेला वक्र सोडून मधला सपाट भाग वाचायला हवा. उभ्याने वरून पाहणारे मूल नेहमी दोन-तीन मिमी चुकते. माठ वापरायचा असेल तर आणखी एक गुंता आहे. गळ्याशी तो अरुंद असल्यामुळे तिथे एकेका खड्यागणिक पाणी भराभर चढते, पण पोटात खड्यांचा ढीग बरोबर तोंडाखाली साठतो आणि कडेची जागा रिकामी राहते. म्हणून आधी सरळ बरणी, माठ नंतर.

मुले विचारतात, खऱ्या कावळ्याला हे जमेल का? उत्तर आहे, आणि ते गोष्टीपेक्षा कमी रंजक नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली कावळ्याच्याच कुळातल्या रूक या पक्ष्यांपुढे पाण्याची नळी ठेवली. पाण्यावर अळी तरंगत होती, चोच पोचत नव्हती आणि शेजारी दगड होते. पक्ष्यांनी दगड टाकून पाणी वर आणले आणि अळी खाल्ली. मोठ्या दगडाने काम लवकर होते हेही ते शिकले. हे प्रयोग झाल्यावर सांगावे. आधी सांगितले की मुले मोजायचे सोडून देतात.

दुसरी गोष्ट बिरबलाच्या खिचडीची. तलावात रात्रभर उभ्या राहिलेल्या माणसाला राजवाड्यातल्या दिव्याची ऊब मिळाली असे दरबारात ठरते. मग बिरबल उंच टांगलेल्या हंडीत, खाली जाळ करून खिचडी शिजवायला बसतो. यात मोजण्यासारखे खूप आहे. चार सारख्या स्टीलच्या वाट्या घ्या, प्रत्येकीत ५० मिलि पाणी घाला. एक वाटी ज्योतीच्या टोकापासून ५ सेंमी वर, दुसरी ३० सेंमी वर, तिसरी ज्योतीच्या पातळीत पण बाजूला ३० सेंमीवर, आणि चौथी दिव्यापासून लांब, नुसती टेबलावर. ही चौथी वाटी बहुतेक ठिकाणी विसरली जाते, आणि प्रयोग फसतो तो तिथेच. शाळेतल्या माठाचे पाणी पाझरून गार झालेले असते, खोलीच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड. ते वाटीत ओतले की दिवा नसतानाही तापमान चढू लागते आणि मुले लिहितात, ‘३० सेंमीवरही ऊब पोचली’. म्हणून पाणी आदल्या दिवशीच भरून वर्गात ठेवावे आणि चौथ्या वाटीतला फरक बाकी तिघींतून वजा करावा.

दर दोन मिनिटांनी नोंद, एकूण दहा मिनिटे. पारा असलेले तापमापक मुलांच्या हाती देऊ नये, लाल द्रवाचे चालतात. वाचण्याआधी पाणी काडीने ढवळावे, आणि तापमापकाचा फुगा वाटीच्या तळाला टेकू देऊ नये, नाहीतर पाण्याऐवजी तापलेल्या स्टीलचे तापमान कळते. पंखा बंद हवा. पंखा चालू असेल तर ज्योतीवरचा गरम हवेचा झोत वाटीपर्यंत पोचतच नाही. तेलाच्या दिव्याची वात जळताना पुढेमागे होते, त्यामुळे पहिल्या तिन्ही वाट्यांना एकाच जाडीच्या मेणबत्तीचे तुकडे वापरणे सोयीचे. केस आणि ओढणी बांधलेली असावी, ओले फडके आणि वाळूची बादली जवळ ठेवावी, आणि काडीपेटी शिक्षकांच्याच हातात राहावी.

५० मिलि पाणी १ अंशाने तापवायला ५० कॅलरी उष्णता लागते, म्हणजे कुठल्या वाटीला किती उष्णता पोचली ते मुलांना थेट काढता येते. ५ सेंमीवरची वाटी झपाट्याने तापते. बाजूची वाटी तापली तरी इतकी कमी की साध्या तापमापकावर फरक दिसणे कठीण. आणि ३० सेंमी वरची वाटी? ती या दोघींच्या मध्ये पडते. गरम हवा वर चढते, म्हणून दिव्याच्या डोक्यावर असणाऱ्याला बाजूला असणाऱ्यापेक्षा जास्त उष्णता मिळते. हे नीट ध्यानात घेतले तर बिरबलाची हंडी तलावातल्या माणसापेक्षा कितीतरी सोयीच्या जागी होती! माणूस बाजूला आणि लांब होता, त्याच्यापर्यंत फक्त प्रारणाने, म्हणजे ज्योतीतून सर्व दिशांना निघणाऱ्या किरणांनी, काय ते पोचणार. अंतर दुप्पट झाले की प्रारणाची तीव्रता चौथाई होते. १ मीटरवर जेवढी ऊब, तिचा दहाहजारावा भाग १०० मीटरवर. त्यात माणूस पाण्यात उभा, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट चांगले उष्णतावाहक.

इथे एखादे मूल हमखास विचारते की मग दिवा इतक्या लांबून दिसतो कसा. हा प्रश्न टाळू नये. डोळ्याला अतिशय थोडा प्रकाश पुरतो, अंग गरम करायला मात्र शरीरातले सगळे पाणी तापवावे लागते. दिसतो म्हणजे ऊबही पोचते, हीच दरबाराची चूक होती, आणि ती मोठ्या माणसांच्या बोलण्यात आजही भेटते.

मिठाची गोणी घेऊन नदीत बसणारे गाढव सर्वांना आवडते. मीठ विरघळून ओझे हलके झाले, मग मालकाने कापूस लादला आणि ओझे जड झाले. उरण आणि भाईंदर भागातल्या मिठागरांमुळे आपल्याकडच्या मुलांना मिठाची रास डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडत नाहीत. १०० ग्रॅम खडेमीठ मलमलीच्या फडक्यात सैल बांधा, पुरचुंडी बादलीभर पाण्यात बुडवा, पाच सेकंदांत वर काढा, निथळू द्या आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. वजन घटण्याऐवजी वाढलेले दिसते. खड्यांच्या फटींत पाणी शिरले, ते विरघळून बाहेर गेलेल्या मिठापेक्षा जड भरले. अनेक शिक्षक इथेच थांबतात आणि प्रयोग चुकला म्हणतात. तो चुकलेला नाही. गाढवाला नुसते घसरून भागले नसते, त्याला पाण्यात बसून राहावे लागले असते. किती वेळ, ते शोधा. अर्धा मिनिट, एक मिनिट, दोन, पाच, दहा अशा वेळा ठरवा, दर वेळी नवी पुरचुंडी घ्या आणि निथळायला प्रत्येकीला सारखाच वेळ द्या.

बादलीऐवजी काचेच्या मोठ्या भांड्यात पुरचुंडी पाण्याच्या मध्यावर टांगली आणि मागे खिडकीचा उजेड असला, तर एक सुंदर गोष्ट दिसते. फडक्याखालून पारदर्शक, थरथरणाऱ्या धारा तळाकडे उतरत असतात. रंग नसतो, पण मागची खिडकी त्या धारांतून वेडीवाकडी दिसते. ते खारे पाणी. मिठाचा संपृक्त द्राव (ज्यात आणखी मीठ विरघळू शकत नाही असा) पाण्याच्या सुमारे १.२ पट जड असतो, म्हणून तो खाली ओघळतो आणि त्याच्या जागी वरून गोडे पाणी येते. हीच पुरचुंडी तळाला टेकवून ठेवली तर द्राव तिच्याभोवतीच साचतो आणि विरघळणे मंदावते. १०० मिलि पाण्यात सुमारे ३६ ग्रॅमच मीठ विरघळते, त्यामुळे पेलाभर पाण्यात १०० ग्रॅमची पुरचुंडी बुडवली तर पुष्कळसे मीठ तसेच उरणार. भांडे मोठेच हवे.

कापसाची बाजू तर मोठ्या माणसांनाही चकवते. औषधाच्या दुकानातला कापूस आणि गादीवाल्याकडचा कापूस, दोन्हींचे ५-५ ग्रॅमचे सैल पुंजके पाण्यावर सोडा. पहिला काही सेकंदांत बुडतो आणि स्वतःच्या वजनाच्या वीसपटीहून जास्त पाणी धरतो. दुसरा बराच वेळ तरंगत राहतो. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी आत घेऊ देत नाही. औषधी कापसातून हा थर धुऊन काढलेला असतो. मग गोष्टीतल्या व्यापाऱ्याचा कापूस कुठला? बाजाराला निघालेला, म्हणजे बहुधा कच्चाच. गोणी दाबून धरली, पाण्यात मळली तर तोही भिजतो, पण गाढव अलगद बसले असते तर? मुलांना हे वादासाठी सोडून द्यावे आणि वादाचा निकाल काट्यावर लावायला सांगावा.

चिमणीच्या मेणाच्या घराकडे येताना एक सूचना. हा प्रयोग पावसाळ्यात ठेवू नये. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत मातीचे तुकडे दिवसेंदिवस वाळत नाहीत आणि बुरशी धरतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ठीक. पुठ्ठ्याचे १० बाय १० सेंमीचे तीन तुकडे घ्या. एकावर नुसत्या चिकणमातीचा अर्धा सेंमी थर, दुसऱ्यावर मातीत मूठभर बारीक कापलेला पेंढा मळून तेवढाच थर, तिसऱ्यावर २० ग्रॅम वितळलेले मेण. मेण कधीही थेट जाळावर वितळवू नये, गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवावे. शेणाऐवजी पेंढा सुचवतो, कारण हाताला खरचटलेले असेल तर शेण हाताळणे धोक्याचे. शेणातही मातीला धरून ठेवण्याचे काम न पचलेले तंतूच करतात. वाळताना नुसत्या मातीला भेगा पडतात, पेंढ्याच्या मातीला कमी. हे पावसाआधीच टिपून ठेवावे.

पावसासाठी १ लिटरच्या बाटलीच्या झाकणाला दाभणाने दहा-बारा भोके पाडा. तिन्ही तुकडे ३० बाय ३० सेंमीच्या ताटात तिरके ठेवा आणि मीटरभर उंचीवरून पूर्ण बाटली ताटभर फिरवत रिकामी करा. हा झाला ११ मिमी पाऊस. २६ जुलै २००५ला सांताक्रूझ इथे २४ तासांत ९४४ मिमी नोंदला गेला होता, तो या ताटावर पाडायचा तर सुमारे ८५ बाटल्या लागतील. मुले हा गुणाकार स्वतः करतात तेव्हा बातमीतला आकडा त्यांना पहिल्यांदा समजतो. धुऊन आलेली माती फडक्यातून गाळून, वाळवून दुसऱ्या दिवशी तोलावी.

मेणाचा तुकडा अर्थातच जिंकतो. पण तास तिथे संपवू नये. तोच तुकडा भर दुपारी गच्चीतल्या तापलेल्या पत्र्यावर ठेवा. मेणबत्तीचे मेण साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. बोटाने दाबले की ठसा उमटतो. मातीचा तुकडा मात्र उन्हाने आणखी टणक होतो. मे महिन्यात कावळा कोणाच्या घरी गेला असता, याचे उत्तर मुलांनी नोंदींच्या आधारे द्यावे.

प्रत्येक गोष्ट प्रयोगाला चालते असे नाही. विहिरीत डोकावणाऱ्या सिंहाची गोष्ट मोहात पाडते, पण प्रतिध्वनी मूळ आवाजापासून वेगळा ऐकू यायला निदान १७ मीटर अंतर लागते. वर्गात ते नाही. मोठे मैदान आणि समोर इमारतीची सपाट भिंत असेल तरच ती घ्यावी. ज्या गोष्टीत मोजायला काहीच नाही, तिच्यावर बेकिंग सोड्याचा फेस चढवून विज्ञान होत नाही.

३५ मिनिटांच्या तासात साठ मुले घेऊन हे कसे करायचे, ही अडचण खरी आहे. सहा-सहांचे गट करावेत. एकाने ओतायचे, एकाने वाचायचे, एकाने लिहायचे, बाकीच्यांनी वेळ आणि हिशेब सांभाळायचा. ओतण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज शाईने लिहायचा, पेन्सिलने नाही. सामान आदल्या दिवशी ट्रेमध्ये लावलेले असेल तर कावळ्याचा प्रयोग एका तासात बसतो, खिचडीला जोडतास लागतो.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या शिक्षण विभागांना विनंती आहे की २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तयार मॉडेलांच्या प्रदर्शनाबरोबर अशा नोंदींसाठीही एक दालन ठेवावे. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र वाशी पुलापलीकडेच आहे आणि चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी दोन्हींकडे विचारणा करता येईल. साहित्य म्हणाल तर गटागणिक एक १०० मिलिचे मोजपात्र, एक तापमापक आणि १ ग्रॅमपर्यंत तोलणारा एक काटा पुरे. पुष्कळ शाळांमध्ये यातले निम्मे प्रयोगशाळेच्या कपाटात पडून असते, त्याची किल्ली पाचवी-सहावीच्या शिक्षकांनाही मिळावी. आपल्या बालपुरवणीत गोष्टीखाली एक मोजायचा प्रश्न छापता आला तर फार बरे होईल. आणि प्रदर्शनात मुलांच्या वहीतला तक्ता जसा आहे तसा लावावा, शाईने लिहिलेल्या चुकलेल्या अंदाजांसकट.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, ठाणे (पूर्व)